पुसलेला पत्ता, अनवाणी पाय

माझ्या स्वयंपाकघरात फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या जागेत एक काळी पेटी आहे. आमच्या कॉलेजच्या लॅबमधून भंगारात निघालेला कॉम्प्युटर आहे तो. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, वर एक जुना टॉवेल टाकलेला. त्याचा पंखा दिवसभर घुर्र घुर्र करत असतो आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी फ्रिजला नावं ठेवतो. मी कुणाची समजूत घालत नाही. फ्रिज बिघडलाय म्हणतात ना, म्हणू देत.

धाराशिवात मी अकरावी-बारावीला कॉम्प्युटर शिकवते. लग्न केलं नाही आणि तोंड फटकळ आहे, एवढ्यात नातेवाइकांमधली माझी ओळख संपते. माझे फोटो, कागदपत्रं, गाणी, सगळं मी पहिल्यापासून या पेटीवर ठेवते. त्यावरची सॉफ्टवेअरं ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचं पोट कुणीही उघडून बघावं अशी. माझं घर, माझी लाइन, माझी पेटी. तुमचं आयुष्य फुकटात सांभाळतो म्हणणाऱ्या कंपन्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. स्टाफरूममध्ये यावरून भरपूर टिंगल व्हायची. "म्याडमकडं असं काय गुपित हाय म्हणं?" तेव्हा खरंच काही नव्हतं. भाचीनं घर सोडलं आणि झालं.

अक्का माझी थोरली बहीण. तिला येडशीकडच्या एका गावात दिलंय. मोठं खटलं, काळी जमीन, दारात ट्रॅक्टर, आणि घरात शब्द चालतो तो तिच्या धाकट्या दिराचा. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, गुडघे धरून ओसरीवर बसलेले असतात. त्यांना विचारून घरात भाजीसुद्धा होत नाही. अक्काला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी पुण्यात नोकरीला होती. तिथंच तिनं जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं, आणि करून मग घरी कळवलं.

घराचं दार बंद झालं ते झालंच. पण नागपंचमीला पोरीला राहवलं नाही. नव्या नंबरवरून तिनं आईला फोन केला. "आई, दिंडं केलीस का गं?" एवढंच विचारलं आणि दोघी रडत बसल्या. संध्याकाळी भाच्यानं आईचा मोबाइल तपासला. तो रोजच तपासायचा. त्यानं नंबर उचलला आणि कुणाच्या तरी ओळखीतून त्यावरून पत्ता काढला. आठवड्याच्या आत तो आणि त्याचे मित्र पुण्यात त्या बिल्डिंगखाली उभे. भाची कामावर होती म्हणून वाचली. जावयाचा हात मोडला. निघताना भाचा त्याला म्हणाला, "पुढल्या टायमाला नुसता हात न्हाय."

त्या दोघांनी लगेच घर सोडलं, शहरही सोडलं. तक्रार दिली नाही. दिली असती तर नवा पत्ता कागदावर चढला असता, आणि कागद कुणाच्या हाती लागेल याचा त्यांना भरवसा उरला नव्हता. गावाकडं मात्र एकदम शांत झालं. दिरानं अंगणात खाटेवर बसून सगळ्यांसमोर सांगितलं, "आता हुडकायचं न्हाय. आई हितं हाय. तीच यील." हे मला अक्कानंच सांगितलं. ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकलेला नाही.

मग मी पेटीवर एक पान उघडलं. बघणाऱ्याला त्यावर काही दिसत नाही, नुसता एक रिकामा चौकोन. त्यात फाइल टाकायची. टाकणाऱ्याचं नाव लागत नाही, नंबर लागत नाही. फोटो असो की आवाज, फोन त्याच्या पोटात गुपचूप बरंच काही लिहून ठेवतो, कुठं घेतला, कधी घेतला, कोणत्या फोनवर घेतला. ते सगळं माझी पेटी पुसून टाकते. फाइल एकदाच उघडते. ऐकून झाली की कायमची जाते. भाची ते पान अशा ब्राउझरमधून उघडायची की ती कुठं आहे हे पेटीलाही कळू नये. पानाचा पत्ता मी तिच्या एका मैत्रिणीच्या तोंडी पोचवला होता. भाचीचं नवं गाव, नवा नंबर मला ठाऊक नव्हता, आणि तो मी कधी विचारलाही नाही. जे मला ठाऊकच नाही ते माझ्या तोंडून कोण काढणार?

अक्काच्या दाढा खऱ्याच किडल्या होत्या, तेवढं एक नशीब. धाराशिवला दातांच्या दवाखान्यात यायचं म्हणून तिला एसटीत बसता यायचं, आणि दवाखान्यातून ती माझ्याकडं यायची. पहिल्यांदा मी तिच्या कानाला हेडफोन लावला तेव्हा ती ताठ बसून होती, दाढ काढायला बसल्यासारखी. मग तिला रडू फुटलं. भाची म्हणत होती, "आई, मी बरी हाय. तू जेवतीस का येळेवर?" पुढं कायकाय, मी ऐकलं नाही. संपलं तसं अक्का म्हणाली, "परत लाव."

"परत नाही लागत अक्का. एकदाच असतं. गेलं ते."

"गेलं म्हंजी?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "माझ्या पोरीचा आवाज पुसलास व्हय गं तू?"

मला इतकं वाईट वाटलं की चिडायलाही सुचलं नाही. मी तिला समजावलं की तो आवाज राहिला तर कुणाच्या तरी हाती लागेल. तिनं डोळे पुसले, उठली, माझ्या देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेतला आणि टॉवेल बाजूला करून त्या पेटीला बोट लावलं. त्यानंतर येईल तेव्हा ती आधी पेटीला कुंकू लावायची, मग हेडफोन घ्यायची. मी हसायचे. दसऱ्याला आपण नांगराला लावतो, मशीनला लावतो, मग याला का नको, असं तिचं म्हणणं.

हिवाळ्यात एका फाइलीत भाचीनं सांगितलं की तिला दिवस गेलेत, पाचवा सरत आलाय. अक्का त्या दिवशी हसत घरी गेली. पुढच्या खेपेला, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, ती दारात उभी राहिली आणि माझी नजर तिच्या पायांकडं गेली. पाय धुळीनं माखलेले, टाचेला डांबर चिकटलेलं.

"चप्पल तुटली का?"

"सोडली." ती आत येऊन भिंतीला टेकली. "देवीला बोलले. पोरगी सुखरूप बाळंत होऊ दे, बाळाला तुझ्या पायरीवर आणून घालीन. तवर पायात चप्पल घालणार न्हाय."

माझं डोकंच फिरलं. मी इकडं फाइलीच्या पोटातलं अक्षर न अक्षर खरवडून काढत होते, आणि ही बाई पायांनी गावभर दवंडी पिटत चालली होती. आमच्या भागात बाई एकाएकी अनवाणी दिसली की शेंबड्या पोरालाही कळतं, नवस बोलली आहे. कशाचा, हे सगळे विचारतात. आणि तो कुठं फिटणार, हे कुणी विचारतसुद्धा नाही. तुळजापूर. मी तिला वाट्टेल तसं बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"देवीला दिल्याला शब्द मागं घिता येतोय व्हय?" ती म्हणाली. "आन काय करू मी तरी? बाळंतपणाला ल्येक माझ्याजवळ न्हाय, डोहाळजेवण न्हाय, वटी न्हाय. एवढंच हाय माझ्या हातात."

घरी काय सांगितलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, दाजींच्या गुडघ्यासाठी नवस बोलले म्हणून सांगितलं.

थोड्याच दिवसांनी तिचा दीर माझ्या घरी आला. एकटाच. आत येताना त्यानं दारात चपला नीट जोडीनं काढून ठेवल्या. बाजारात आलो होतो, म्हणलं म्याडमच्या हातचा चहा घ्यावा, असं म्हणून तो सरळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावरच बसला. मी चहा टाकला. तो इकडं तिकडं बघत होता.

"फ्रिज लई आवाज करतोय."

"जुना आहे, भाऊ."

तो वाकला. टॉवेलाचं टोक दोन बोटांनी उचललं. "ही कसली पेटी?"

"कॉलेजचं काम असतं."

"आन कुंकू?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "तुमी तर देवाधर्मातल्या न्हाईत म्याडम."

"खंडेनवमीचं आहे."

त्यानं त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडं बघितलं. "खंडेनवमीचं कुंकू येवढं ताजं?" मग बोट रुमालाला पुसून त्यानं टॉवेल होता तसा परत टाकला. चहा पिऊन होईपर्यंत पुन्हा पेटीचं नाव काढलं नाही. ऊस, पाऊसपाणी, माझी तब्येत, असं सगळं विचारलं. उठताना दारात म्हणाला, "दादाच्या गुडघ्यासाठी वैनीनं चप्पल सोडली, आन दादालाच ठावं न्हाय. गंमत हाय का न्हाय?"

तो गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि पेटीसमोर येऊन बसले. पेटी चोरून नेली तरी माझ्या पासवर्डाशिवाय आतलं काही दिसणार नाही, याची मला खात्री होती. तेवढ्यासाठी मी किती रविवार घालवले होते. पण त्या माणसाला पेटी नकोच होती. त्याला जे हवं होतं ते अक्काच्या पायांवरून कळलं होतं. पोरीची खबर आईला येते आहे, आणि पोरगी कधीतरी तुळजापूरला येणार आहे.

पुढचं अक्कानं सांगितलं. एका सकाळी दिरानं नवी कोरी चप्पल आणून तिच्यासमोर उंबऱ्याशी ठेवली होती. "वैनी, उन्हातान्हाचं पाय भाजतेत. नवस फेडून टाका. कवा जायचं ते तुमी सांगा, गाडी आमी काढतो." कुठली घाई नाही, जबरदस्ती नाही. चप्पल तिथंच राहिली. झाडताना अक्काची सून ती उचलायची, झाडून झालं की परत तिथंच ठेवायची. आणि भाच्याचे दोन मित्र दर मंगळवारी तुळजापूरच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर बसून असतात, हेही अक्काच्या कानावर आलं होतं. मंगळवार देवीचा वार. गर्दी मोठी असते, पण त्या दोघांना फक्त एक चेहरा ओळखायचा होता.

मी भाचीला फाइल टाकून सगळं कळवलं, इतक्यात इकडं फिरकू नको म्हणून. ती बरं म्हणाली. मग तिला मुलगा झाला. तो रडतानाची फाइल अक्कानं ऐकली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते, आणि हेडफोनमधून बाहेर येणारा तो बारीक आवाज मलाही ऐकू येत होता. अक्का रडली नाही. तिनं हेडफोन काढला, माझा हात धरला आणि नुसती बसून राहिली. मी आयुष्यात इतकी सुखी क्वचितच झाले असेन.

सव्वा महिना होत आला तशी भाचीची नवी फाइल आली. अक्काची दाढेची तारीख लांब होती, भाचीनंच सुरुवातीला "मावशी, तू ऐकून आईला सांग" म्हटलं होतं, म्हणून मी ऐकली. येत्या मंगळवारी ती बाळाला घेऊन तुळजापूरला येणार होती. सोलापूरहून येणाऱ्या भाविकांच्या बसमधून, दहा बायकांत मिसळून. "आई माझ्यापायी पाय भाजून घेती, ते माझ्यानं बघवत न्हाय मावशी. गर्दीत कोण कुणाला बघतंय? आईला नुसतं मंदिरात ये म्हणावं." आईनं जे केलं तेच लेक करत होती. मी लगेच फाइल टाकली. येऊ नको, स्टँडवर माणसं बसलेली आहेत, येऊ नको. चढून गेली का बघितलं. गेली होती. आता ती तिनं उघडली की पानावरून नाहीशी होणार, म्हणजे मला कळणार. मी दर तासाला बघत होते. फाइल तिथंच.

शनिवारी दुपारनंतर वावटळ उठली. पत्रे उडाले, आमच्या गल्लीच्या तोंडाचा विजेचा खांब आडवा झाला आणि जाताना इंटरनेटची केबलही घेऊन गेला. इन्व्हर्टरनं थोडा वेळ तग धरला. मग पेटीचा पंखा थांबला. त्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. वीजवाले म्हणाले मंगळवारपर्यंत धरून चाला. पेटी उचलून दुसरीकडं न्यावी तर पानाचा पत्ता माझ्याच घरच्या लाइनला बांधलेला. माझं घर, माझी लाइन, माझी पेटी, म्हणून मी मिरवत होते ना! भाचीला आता पान उघडणारच नव्हतं. आणि तिचा नंबर माझ्याकडं नव्हता.

रविवारी मी अक्काला फोन केला. तिचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, घरातल्यांनी तशी सवयच लावली आहे. मी म्हणाले, "दाढ कशी आहे? इकडं खांब पडलाय बघ. लाइट नाही, नेट नाही, मंगळवारपर्यंत येत नाही म्हणतात. फ्रिजमधलं सगळं तसंच पडून आहे. पाहुणे मंगळवारीच यायचे होते, त्यांना नको म्हणून कळवताही येईना."

पलीकडं कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाली, "असू दे. मंगळवारी तू येडशीला ये सकाळच्या गाडीनं. रामलिंगाला जायचंय. भावजी गाडी काढतेत." मागून दिराचा आवाज आला, "कुठं?" त्यानंही हे आत्ताच ऐकलं होतं.

मी येडशीला उतरले तेव्हा गाडी स्टँडवर उभी होती. पुढं दीर, स्टिअरिंगवर भाचा, मागं अक्का. अक्का नवं लुगडं नेसली होती, ओटीचं सामान मांडीवर, पाय अनवाणी. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. हिनं पोरीला इथं बोलावलंय की काय, कसं बोलावलं, कुणाच्या हाती निरोप दिला, डोक्यात नुसता गोंधळ. दीर खुशीत होता. तो मागं वळून म्हणाला, "वैनीनं रामलिंग काढलं. आमाला वाटायचं तुळजापूर. शहाणी माणसं आडबाजूचीच जागा निवडतेत." मग भाच्याला म्हणाला, "तुळजापूरची पोरं बी बोलवून घे. दोघास्नी हितल्या ठेसनावर थांबव." भाच्यानं तिथंच फोन लावला.

तेव्हा मला कळलं, अक्कानं इथं कुणालाच बोलावलेलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण माझ्या तोंडावर काय दिसत असेल याचा मला भरवसा नव्हता.

रामलिंगाचं देऊळ खाली घळीत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पावसाळ्यात तिथं धबधबा असतो. त्या दिवसांत नुसते तापलेले दगड आणि माकडं. अक्कानं दर्शन घेतलं, नारळ फोडला, आणि वरच्या रस्त्याकडं तोंड करून झाडाखाली बसली. ती बसली ती दिवसभर. कुठली गाडी थांबली की मान उंच करायची. बाळ घेतलेली बाई पायऱ्या उतरताना दिसली की अर्धी उठायची, मग पुन्हा बसायची. दोनदा तिनं पदरानं तोंड पुसलं. मी तिला माझ्या जन्मापासून ओळखते. ती साधं खोटं बोलायला गेली तरी अडखळते. त्या दिवशी तिनं दिराला संध्याकाळपर्यंत नुसत्या डोळ्यांनी धरून ठेवलं. तो वर रस्त्यावर कठड्याला टेकून उभा होता. कुणी पायऱ्यांशी आलं की तो आधी अक्काकडं बघायचा आणि मग येणाऱ्याकडं. जेवण त्यानं तिथंच मागवलं. आम्हालाही खाली पाठवलं, गरम गरम.

मी ताट तसंच बाजूला सारलं. तुळजापुरात त्या वेळी काय चाललं असेल? तिथली दोन पोरं इथं स्टेशनवर होती, पण तिथं दोनच होती हे कुणी सांगितलं होतं?

उन्हं कलली तसा दीर खाली आला. अक्कासमोर उकिडवा बसला. "आली न्हाय जणू."

"कोण?" अक्का म्हणाली.

तो हसला. खरंच हसला, कौतुकानं हसल्यासारखं. "असू द्या वैनी. घाई न्हाय. तुमचं पाय हायेतच की आमाला."

वीज बुधवारी आली, केबल त्यानंतर. पेटी सुरू झाली तेव्हा माझी "येऊ नको" तिथंच होती, न उघडलेली. मी दिवसभर पान उघडून बसले. संध्याकाळी आणखी एक फाइल दिसली. आत कोणाचा आवाज आहे ते बाहेरून दिसत नाही. टाकणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, वेळ पुसलेली. भाचीनं टाकली की तिचा फोन ज्याच्या हाती पडला त्यानं, हे माझ्या पेटीला कळायला मार्गच नव्हता. मीच तशी बांधली होती. आणि उघडावी तर ती एकदाच उघडणार. पोरीचा आवाज असेल तर तो अक्काचा, माझा नव्हे. मी हात आवरला. ते दिवस मी कसे काढले मला सांगता येणार नाही. स्वयंपाकघरात जाताना मी पेटीकडं पाठ करून चालायचे.

अक्का आली. तिनं आधी कुंकू लावलं. हेडफोन मी तिला दिला नाही. आवाज मोठा केला, कारण जे असेल ते मला तिच्याबरोबर ऐकायचं होतं. आधी नुसता गलका. मग घंटा, मग लांबून "उदे उदे", आणि अगदी जवळून एका तान्ह्या पोराचं कुरकुरणं. मग भाची, दबक्या आवाजात.

"आई, आमी आलो हुतो. तुझी लई वाट बघितली. बाळाला पायरीवर घातलं, तुझ्या नावानं. भेट झाली न्हाय, पर नवस फिटला आई. आता चप्पल घाल. उन्हं लई हायेत."

एवढंच. पान रिकामं झालं. मी हमसून हमसून रडले, कॉलेजात ज्या बाईला पोरं टरकून असतात ती मी. अक्का पेटीवर हात ठेवून उभी होती. परत लाव, असं ती या वेळी म्हणाली नाही.

निघताना मी माझी चप्पल तिच्या पुढ्यात सरकवली. आमचा पाय एकाच मापाचा. "घाल. फिटला आता. रस्ता पेटलाय नुसता."

तिनं चप्पलेकडं बघितलं. मग माझ्याकडं, मीच काहीतरी विसरले असल्यासारखं.

"कशी घालू?" ती म्हणाली. "आज घातली तर त्यास्नी कळंल की फिटला. मग इचारतील, कवा, कुठं. त्या दिवशी तुळजापुरात कोण हुतं ते हुडकतील. दुकानदारास्नी इचारतील, बसवाल्यास्नी इचारतील. न्हाय बाई. त्यास्नी बसू दे वाट बघत."

"किती दिवस?"

"मी हाय तवर." ती पदर डोक्यावर घेत होती. "देवीचा शब्द फिटला. ह्यो आता माझा."

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला निघाले. डांबर मऊ झालं होतं. मी चपलेतून चालत होते आणि माझ्याही तळव्यांना चटके बसत होते. अक्का कडेकडेनं, जिथं भिंतीची सावली सापडेल तिथून चालत होती. स्टँडच्या फाटकाशी भाचा मोटरसायकलवर बसून होता. त्यानं मला "मावशी, बऱ्या हाव का?" म्हणून विचारलं. आईला गाडीवर बस म्हणाला, दाढ दुखत असंल, एसटीत हाल होतेत.

अक्का गाडीकडं गेली. त्यानं आधी तिच्या पायांकडं बघितलं. मग गाडीला किक मारली.